काचशेवाळाची भूक

तुमचा अंगठा जरा डोळ्यांसमोर धरा. स्वच्छ दिसतो ना? आता तोच अंगठा फोनच्या काळ्या काचेवर टेकवा आणि काच उजेडात तिरकी धरून बघा. एक तेलकट डाग दिसेल, आणि त्या डागात नदीच्या नकाशासारख्या बारीक रेघा. आपण तो डाग बाहीला पुसून टाकतो आणि वर आईची बोलणी खातो. आता अशी कल्पना करा, की तो डाग पुसायची गरजच नाही, कारण ते कुणाचं तरी जेवण आहे. त्या काचेवर कुणीतरी राहतं. इतकं बारीक, की तुमच्या एका नखावर त्यांचं अख्खं गाव मावेल. तुम्ही अंगठा उचललात, की ते सगळे त्या डागाभोवती पंगत मांडतात.

जमतंय? मग आजपासून साठ-पासष्ट वर्षं पुढं चला. मिरजेतल्या एका शाळेत, चौथीच्या वर्गात.

त्या वर्गात एकतीस मुलं होती आणि एकतीस टॅबलेट. टॅबलेटला मुलं पाटी म्हणत. दगडी पाटीबरोबर गेलेला हा शब्द परत आला होता, कारण या टॅबलेटांवर मुलं खरोखरच बोटानं लिहायची. आणि मुलं लिहितात तिथं नुसतं लिहिणं होत नाही. कंपासपेटी आपटते, बांगडी घासते. सोहम आवटी तर मधल्या सुट्टीत पाटीची बॅट करायचा. शाळा सुटताना पाट्या कपाटात जात, तेव्हा मांजरानं नखं मारल्यासारखे चरे त्यांच्यावर असत. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं, की काच नितळ.

हे काम काचशेवाळाचं. नदीच्या आणि समुद्राच्या पाण्यात डायटम नावाचं एक सूक्ष्म शेवाळ असतं. वाळू ज्या पदार्थाची, काचही मुख्यतः त्याच पदार्थाची, आणि तो पदार्थ पाण्यात अगदी थोडा विरघळलेला असतो. डायटम तो वेचतं आणि स्वतःभोवती काचेची डबी बांधतं, झाकणासकट. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं या शेवाळाची अशी एक जात तयार केली, की जी पाण्याऐवजी पडद्याच्या काचेवर राहील. पडद्याच्या उजेडावर ती आपलं अन्न शिजवायची, बोटाचा घाम आणि तेलकटपणा तोंडी लावायची. पाटीच्या कडेला एक बारीक नळी होती. तिच्यातल्या वाळूपाण्यातून ती काचेचा माल आणायची आणि जिथं खड्डा पडला असेल तिथं डबीवर डबी रचून तो बुजवायची. सगळा थर मिळून केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड. बोटाला कळायचंसुद्धा नाही.

दहा-बारा वर्षांत मोठ्या माणसांच्या फोनवर काचशेवाळ आलं, मग दवाखान्यांत, बँकांत, आणि त्या वर्षी जूनमध्ये प्रयोग म्हणून या शाळेत. काच पुसणं ही गोष्ट मुलांना आता फक्त म्हाताऱ्यांच्या सवयीत दिसायची. एखादे आजोबा फोन हातात आला, की उगाचच तो बनियनला पुसायचे आणि मुलं हसायची.

पाट्यांबरोबर एक सूचनापत्र आलं होतं. वर्गशिक्षिका चौगुलेबाईंनी ते भिंतीवर चिकटवलं होतं. साबण लावू नये. स्पिरिट लावू नये. फडक्यानं पुसू नये.

हळदीबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी वर्गात पाटीपूजन होतं. ज्या वस्तूनं वर्षभर आपलं काम केलं, तिच्यापुढं एक दिवस हात जोडायचे, ही आपली जुनी रीत. सुतार करवतीपुढं जोडतो, ड्रायव्हर गाडीपुढं. चौगुलेबाईंनी झेंडूच्या पाकळ्या, हळद-कुंकू आणि आपट्याची पानं ताटात ठेवली आणि सांगितलं, "पाटीच्या मागच्या बाजूला एकेक बोट लावा. घरी फोनला लावतात तसं."

शलाका मगदूम पहिल्या बाकावर बसायची. नऊ वर्षांची, दोन वेण्या, आणि प्रश्न विचारताना उभं राहायची सवय. ती उभी राहिली.

"बाई, पाठीला कशाला लावायचं? पाठ काहीच करत नाही. काम समोरची बाजू करते."

चौगुलेबाई हसल्या. "बरं, समोर लाव. पण जरासंच."

ताटातली हळद शलाकाच्या बाबांनीच दिली होती. ते सांगलीच्या हळदीच्या गोदामात कामाला होते, त्यामुळं हळद अस्सल होती. शलाकानं ती वाटीत कालवली. पाटीच्या पडद्यावर बाईंनी समईचं चित्र लावून दिलं होतं, ते उजळत होतं. त्या उजेडावरच तिनं बोटानं सरस्वती काढली. पूर्वी दगडी पाटीवर काढायचे तशी, एकाचे आकडे एकमेकांना जोडून केलेली. ती इतकी सुरेख दिसायला लागली, की मागच्या बाकावरच्या मुलीनं वाटी मागितली. मग तिच्या मागच्या मुलानं. अर्ध्या तासात एकतीस पाट्यांवर एकतीस सरस्वती झाल्या. सोहमची जरा वांग्यासारखी दिसत होती, पण त्यालाही हात जोडले गेले. शलाकानं डोळे मिटले आणि मनात म्हटलं, की तुम्ही रोज रात्री आमचे चरे बुजवता, तुम्हाला थँक्यू.

दोन दिवसांनी शाळा उघडली. पिवळा रंग उडून गेला होता, पण सरस्वती गेली नव्हती. जिथून जिथून बोट फिरलं होतं, तिथं काच धुरकट झाली होती आणि बोटाला खरखर लागत होती. तीन दिवसांत त्या रेघा नखाएवढ्या रुंद झाल्या. नवे पडलेले चरेही त्यांच्या आसपास बुजेनात. पाटीवर मराठी वाचताना प्रत्येक ओळीच्या मधोमध धुकं.

चौगुलेबाईंनी पुण्याला कळवलं आणि डॉक्टर यामिनी हळबे आल्या. काचशेवाळाची जात ज्या गटानं तयार केली, त्यात त्या होत्या. त्यांनी टेबलावर छोटा सूक्ष्मदर्शक मांडला, एकेक पाटी त्याखाली सरकवली, आणि शेवटच्या पाटीवरून मान वर केली.

"ही कल्पना कुणाची?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"मॅडम, मी शेवटून दुसरी काढली," सोहम म्हणाला.

शलाका उभी राहिली. "माझी. काय झालंय त्यांना?"

डॉक्टर हळब्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. एका बाजूला सोनेरी-तपकिरी ठिपके भरलेल्या काचेच्या डब्या होत्या. मधल्या पट्ट्यात डब्या होत्या, पण रिकाम्या.

"तुला खरचटलं, की आई काय लावते?"

"हळद."

"का लावते?"

"जंतू मरतात म्हणून."

"बरोबर. हळदीत जो पिवळा पदार्थ असतो, तो निळा उजेड पितो. हळदीचा डाग उन्हात उडतो बघ, कारण उजेडाशी त्याचं सतत काहीतरी चालू असतं. त्या उजेडाची ताकद तो शेजारच्या प्राणवायूला देतो, आणि मग प्राणवायू खवळतो. खवळलेला प्राणवायू लहान जिवांना जाळून टाकतो. पाटीच्या पडद्यात निळा उजेड भरपूर असतो. तुम्ही नुसती हळद लावली असती, तर थोडे मेले असते. उजेड चालू ठेवून लावलीत. आता त्या रिकाम्या डब्यांचा बांध झालाय. जिवंत शेवाळ तो ओलांडत नाही."

"म्हणजे मी त्यांना मारलं."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. मुलांशी गोड खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "आणि तू त्यांचे आभार मानत होतीस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

मग त्यांनी बाईंना उपाय सांगितला. पाट्या पुण्याला न्यायच्या, वाफेच्या पेटीत ठेवून सगळं शेवाळ नाहीसं करायचं आणि नवीन रुजवायचं. चार महिने लागतील. तोवर हा प्रयोग दुसऱ्या शाळेकडं जाईल आणि या वर्गाला पाट्या परत मिळणार नाहीत. गाडी नऊ दिवसांनी येईल.

शाळा सुटल्यावर शलाका बाईंना विचारून आपली पाटी दप्तरात घालून एकटी चालत निघाली. तीस जणांच्या पाट्या तिच्यामुळं जाणार होत्या. मागून कुणीतरी "हळदी, ए हळदी" अशी हाक मारली. तिनं डोळे पुसले, पण वळून बघितलं नाही. लक्ष्मी मार्केटच्या मागच्या गल्लीत एका दुकानावर एक बोर्ड होता, तो ती रोज वाचायची आणि विसरायची. आज ती तिथंच थांबली. 'काच साफ करून मिळेल. ओरखडे जातील. कासम शिकलगार.'

कासमचाचा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या तलवारींना पाणी द्यायचे, धार लावायचे, दसऱ्याआधी त्या आरशासारख्या करायचे. तलवारी गेल्या, तशी शिकलगारांनी कात्र्या आणि अडकित्ते धरले. चाचांनी तरुणपणी फोनची काच धरली. एके काळी त्यांच्या दुकानापुढं रांग लागायची. काचशेवाळ आलं आणि रांग संपली. आता आठवड्याला एखादं जुनं घड्याळ यायचं, एखादा चष्मा. चाचांची नजर अधू झाली होती, पण त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. ओरखडा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतो, असं ते म्हणायचे.

शलाकानं पाटी काउंटरवर ठेवली. चाचांनी अंगठा त्या धुरकट रेघेवरून सावकाश फिरवला.

"ही सरस्वती कुणी काढली?"

"मी."

"हात चांगला आहे. पण हळदीनं काढतं होय कुणी?"

"सूचनांत लिहिलं नव्हतं."

"नियम लिहिणारा दसऱ्याला रजेवर असेल," चाचा म्हणाले. "बरं, मी काय करू? ही जिवंत काच. हिच्यामुळंच मी माशा मारत बसलोय. आता हिचंच औषध मला विचारतेस?"

शलाकाला हे सुचलंच नव्हतं. तिचे कान लाल झाले. ती पाटी उचलायला लागली, तसा चाचांनी पाटीवर हात ठेवला.

"ठेव की. मी नाही कुठं म्हटलं. चाळीस वर्षं लोक माझ्याकडं ओरखडे घेऊन आले. रडत आलेली तू पहिलीच. काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं नीट सांग."

तिनं बांधाचं सांगितलं. रिकाम्या डब्या, पलीकडं थांबलेलं शेवाळ. चाचा मान डोलवत ऐकत राहिले.

"मग सोपं आहे. बांध उतरवायचा. ऐक बेटा. ओरखडा कधी काढता येत नाही. तो खड्डा असतो, खड्डा कसा काढणार? आजूबाजूची काच त्याच्याएवढी खाली आणायची, की ओरखडा आपोआप नाहीसा. तुझं शेवाळ खड्डा भरतं, मी डोंगर उतरवतो. काम एकच, दिशा उलटी."

त्यांनी कापसाचा बोळा घेतला, त्यावर पॉलिशची गुलाबीसर पावडर, पाण्याचा एक थेंब. रेघेच्या मध्यावर आठाच्या आकड्यात हात फिरू लागला. थोड्या वेळानं त्यांनी बोळा बाजूला ठेवला आणि नुसता अंगठा लावला.

"कडेला जीव आहे. तिथं पावडर नको. तलवारीचा शेवटचा हातसुद्धा आमच्यात अंगठ्यानंच द्यायचे. आता तू कर."

शलाकानं जोर लावला.

"दाबतेस कशाला? कुणाशी भांडण आहे?"

"लवकर जावं म्हणून."

"लवकर गेलं तर वाकडं जाईल. दुधावरची साय बाजूला करतेस तसा हात ठेव."

पाऊण तासात करंगळीच्या पेराएवढी रेघ उतरली. एका सरस्वतीत अशा रेघा वीसेक, आणि पाट्या एकतीस. शलाकानं बोटांवर हिशेब केला आणि तिचं तोंड उतरलं. चाचांनी दुकानाचं शटर ओढलं. "उद्या शाळेत येतो. तुझ्या बाईंना म्हणावं, एक खुर्ची ठेवा. पाय दुखतात."

चौगुलेबाईंनी सूचनापत्राकडं एकदा बघितलं, एकदा मुलांकडं, आणि पुण्याला फोन लावला. डॉक्टर हळबे म्हणाल्या, "नाहीतरी ते वाफेच्या पेटीतच जाणार आहेत. करून बघा."

मग आठ दिवस त्या वर्गात जे चाललं, तसं काही त्या काळच्या कुठल्याच शाळेत चाललं नसेल. सकाळी एक तास, जेवणानंतर एक तास, एकतीस मुलं मान खाली घालून काच घासत होती. पावडरीचं काम चाचा दिवसभर बसून स्वतः करत आणि प्रत्येक पाटी अंगठ्याच्या कामासाठी मुलाच्या हातात देत. "चाचा, माझं बघा." "चाचा, हा मुद्दाम गुदगुल्या करतोय." चाचा डोळे मिटून प्रत्येक पाटीवर अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "इथं अजून आहे. इथं झालं. इथं तू झोपला होतास." सोहमला पहिल्या दिवशी दहा मिनिटं बसवेना. चौथ्या दिवशी तो चाचांचा अंगठा आणि आपला अंगठा शेजारी ठेवून बघत होता. चाचांच्या अंगठ्यावरच्या रेघा घासून जवळपास गेल्या होत्या.

"चाचा, तुमचा ठसा कुठं गेला?"

"लोकांच्या काचांवर. वाटून टाकला."

सहाव्या दिवशी शलाकाच्या पाटीवर दोन्हीकडची जिवंत काच रेघेच्या मध्यावर येऊन भेटली. तिला ते दिसलं नाही. अंगठ्याला कळलं. तिथं एकदम काहीच लागेना. तिनं चाचांचा हात ओढून तिथं ठेवला. चाचांनी अंगठा तिथून दोनदा फिरवला, आणि मग ते म्हणाले, "बेटा, बारा वर्षांत मला कुणी असं काम दिलं नव्हतं." एवढंच म्हणून ते पुढच्या बाकाकडं वळले.

नवव्या दिवशी गाडी आली. डॉक्टर हळब्यांनी सूक्ष्मदर्शक लावला. एकोणतीस पाट्यांवर बांधाचा मागमूस नव्हता. उरलेल्या दोन मुलांना मध्येच ताप आला होता, त्यांच्या रेघा थोड्या बाकी होत्या. डॉक्टर चाचांसमोर गेल्या आणि त्यांनी हात जोडले. "आम्हाला हे सुचलंच नसतं. आमच्याकडं यंत्रं आहेत, पण अंगठे नाहीत." गाडी जवळपास रिकामीच परत गेली. जाताना डॉक्टरांनी फक्त शलाकाची पाटी तपासणीसाठी मागून घेतली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण विज्ञानात एखादी गोष्ट बरी झाली, की ती का बरी झाली हेही विचारावं लागतं.

तीन दिवसांनी डॉक्टर परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी होती. त्यांनी शलाकाची पाटी टेबलावर ठेवली. काच सगळीकडून दुधाळ झाली होती, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी.

"हिला काय केलंत?" शलाकानं विचारलं.

"काहीच नाही. हात लावला नाही, तेच केलं. उजेड होता, वाळूपाणी होतं. हिच्या शेजारी प्रयोगशाळेतली साधी पाटी ठेवली होती, ती छान आहे. ही उपाशी पडली."

मग त्यांनी सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. काचशेवाळाची नवी पिढी दर तीन तासांनी जन्मते. आठ दिवसांत साठाहून जास्त पिढ्या झाल्या. या आठ दिवसांत बांध कुणी ओलांडला? ज्यांना अंगठ्याची ऊब आणि अंगठ्याचा तेलकटपणा सगळ्यांत जास्त मानवला, त्यांनी. ते भराभर वाढले. उजेडावर भागवणारे मागं पडले आणि संपले. "आपण ज्या रीतीनं एखाद्याला जगवतो, तशीच त्याची पुढची पिढी होते. तुम्ही अंगठ्यानं जगवलंत. आता तुमच्या सगळ्या पाट्यांवर जे शेवाळ आहे, ते अंगठ्यावरच जगतं. रोज दहा मिनिटं, कुणाचा तरी अंगठा. नाही मिळाला, तर तीन दिवसांत असं होतं."

"मग सुट्टीत?" चौगुलेबाईंनी विचारलं.

"तेच विचारायला आले आहे. मी वाफेची लहान पेटी आणलीय. ज्याला नको असेल, त्याची पाटी मी नेईन आणि तिच्यावर साधं शेवाळ रुजवून पाठवीन. त्याला तुमची गरज लागणार नाही. ज्याला ठेवायची असेल, त्यानं घरी न्यावी. कुणी ठेवलीच पाहिजे असं नाही, आणि कुणी दिली म्हणून तो वाईट ठरत नाही."

सोहम सगळ्यांत आधी उठला. "माझी घ्या मॅडम. मला सुट्टीत मॅच आहेत." त्यानं पाटी टेबलावर ठेवली, दोन पावलं गेला आणि थांबला. "वाफेनं दुखतं का त्यांना?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक नाही. पण खात्रीनं सांगता येत नाही."

सोहमनं पाटी परत उचलली आणि कुणाकडं न बघता बाकावर जाऊन बसला. मग आणखी काही मुलं उठली. काहींनी पाट्या दिल्या, काही टेबलापर्यंत जाऊन परत आली. एक मुलगी पाटी देताना रडली आणि दिल्यावर तिला हलकं वाटलं. कुणी कुणाला चिडवलं नाही.

शलाका उभी होती. अंगठा तिनं आपोआपच दुधाळ काचेवर ठेवला होता.

"किती दिवस करावं लागेल?"

डॉक्टर हळब्यांनी खुर्ची ओढून तिच्या उंचीवर बसून सांगितलं. "शलाका, या शेवाळाला म्हातारपण नसतं. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. पडदा बंद पडला, तर ते दुसऱ्या काचेवर रुजवता येईल. खायला मिळत राहिलं, तर ते थांबणार नाही. तू म्हातारी होशील. ते होणार नाही."

"म्हणजे मी मेल्यावर पण त्यांना भूक लागेल."

"हो."

"आणि तेव्हा कुणी नसलं तर?"

इतकी वर्षं डॉक्टरांना एका गोष्टीचा अभिमान होता. माणसाला अशी वस्तू दिली, की जी काहीच मागत नाही. तशा वस्तूचे आभार वर्षातून एकदा मानले तरी चालतात, नाही मानले तरी चालतात. समोरच्या नऊ वर्षांच्या मुलीला आता जी वस्तू दिली जात होती, ती कधीच पुरे म्हणणार नव्हती.

शलाकानं दाराशी खुर्चीवर बसलेल्या कासमचाचांकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतेस?" चाचा म्हणाले. "सुट्टीत मी करीन की. पुढच्या दिवाळीतही करीन. पण मी चौऱ्याहत्तरचा आहे. माझा अंगठा धरून तुझा हिशेब व्हायचा नाही."

"मग तुम्ही सांगा, ठेवू का देऊ?"

"ते मी नाही सांगणार. मी सांगितलं, तर ती माझी पाटी होईल."

खिडकीतून खालच्या अंगणातला कालवा ऐकू येत होता. बालवाडीची मुलं खिचडी खायला बसली होती. शलाकाच्या अंगठ्याखाली काच थोडी गरम झाली होती, आणि तेवढ्या गोल तुकड्यापुरती दुधाळ छटा किंचित विरळ झाल्यासारखी वाटत होती. खरंच झाली होती का तिला तसं वाटत होतं, हे सांगता आलं नसतं.

तिनं डॉक्टरांना विचारलं, "कुणाचाही अंगठा चालतो ना?"

"कुणाचाही."

शलाकानं पाटी छातीशी धरली आणि ती जिना उतरली. वर्गातली मुलं खिडकीपाशी गोळा झाली. अंगणात बालवाडीच्या रांगेत शेवटच्या ताटापाशी रुमाना नावाची चार वर्षांची मुलगी बसली होती. शलाका तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि पाटी तिच्या मांडीवर ठेवली. रुमानाला वाटलं हात पुसायचे असतील, म्हणून ती बोटं फ्रॉकला लावायला लागली.

"पुसू नकोस," शलाका म्हणाली. "तसाच दे."

खिचडीच्या तुपानं माखलेला तो चिमुकला अंगठा तिनं काचेवर ठेवला, त्यावर आपली बोटं ठेवली आणि हलकेच आठाचा आकडा काढायला शिकवला. एकदा, दोनदा. मग आपला हात काढून घेतला. अंगठा आपला आपण फिरत राहिला.

"किती वेळ?" रुमानानं विचारलं.

"मोजत राहा."

रुमाना मोजू लागली. तिला वीसपर्यंतच येत होतं. वीस झाले, की ती थांबून शलाकाकडं बघायची, आणि शलाका तिला पुन्हा एकापासून सुरू करायला सांगायची.